जाडे आवाज

बारामतीच्या एसटी स्टँडमागं ज्ञानूचं पत्र्याचं दुकान होतं. बेसच्या स्पीकरचा फाटलेला कागद बदलण्यात त्याचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. निरवांगी-कळसचे मंडपवालेसुद्धा आपले पंधरा इंची स्पीकर एसटीच्या टपावर टाकून त्याच्याकडं आणत.

त्र्याण्णव साली त्याची बायको केसरबाई गेली. तिच्यामागं ज्ञानूचे कान उतरत गेले. आधी सायकलची घंटी गेली, मग चिमण्या, मग बायकापोरांचं बोलणं. जाडे आवाज तेवढे उरले. स्पीकर तपासायला गाणं लावलं की बाई गातेय की बाप्या, त्याला कळायचं नाही. कागद नीट धडधडतो का, तेवढं मात्र बरोबर कळायचं. त्यामुळं धंद्याचं अडलं नाही. त्यानं कोणाला सांगितलंही नाही. बहिऱ्याकडं स्पीकर कोण टाकणार?

लेक अंजली इंदापूरला शिक्षिका होती. आवाज आईसारखा, बारीक. एका रविवारी येऊन ती बराच वेळ काही सांगत राहिली. ज्ञानू कागदाच्या कडेला सोल्युशन लावत मान डोलवत होता. "व्हय, व्हय," म्हणाला. ती हरखून गेली.

पुढच्या रविवारी तो कामाला निरवांगीला गेला. दुपारी परतला, तर बंद दुकानासमोर अंजली आणि एक रिकामा टेम्पो. तिचे ओठ रागानं भराभर हलत होते. ज्ञानूला एक शब्दही कळला नाही. शेजारचा पानवाला गेणू घोगऱ्या आवाजात ओरडला, "आरं, तुला इंदापूरला ऱ्हायला न्यायला आलीय! तूच व्हय म्हनलास न्हवं?"

ज्ञानू पायरीवर बसला. "अंजे, मला तुझं बोलणं ऐकूच येत न्हाय. लई दिस झालं."

अंजली त्याच्याजवळ बसली. कानाशी तोंड नेऊन काही बोलली. त्याला नुसता ऊन श्वास लागला. मग तिनं टेम्पोकडं हात केला.

"तितं तुमी बोलणार आन् मी तोंडाकडं बघत बसणार. हितं निदान काम हाय," ज्ञानू म्हणाला.

टेम्पो रिकामाच गेला.

दुसऱ्या दिवशी कळसचा एकजण स्पीकर घेऊन आला. ज्ञानू पहिल्यांदाच म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं." गिऱ्हाईक घुटमळलं. मग स्पीकर उचलून स्टँडच्या दिशेनं चालू लागलं. ज्ञानूनं हाक मारली नाही. खोक्यावरची धूळ झटकून तो राहिलेल्या कामाला बसला.