आरशाला लावलेलं कुंकू

माझ्या साडूंइतका आगीवर विश्वास असलेला आणि माणसांवर नसलेला गृहस्थ पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा झाला नाही. कुठलीही वस्तू काडी लावून बघितल्याशिवाय त्यांना पटतच नसे. माझ्या लग्नात आहेराच्या शालीचा एक दोरा उपटून त्यांनी पेटवला, वास घेतला आणि भर मांडवात जाहीर केलं, "लोकर न्हाई, नायलॉन हाय." शाल आमच्या दोघांच्या सासऱ्यांनी दिलेली. सासरे पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. साडूंच्या ते लक्षातही आलं नाही.

गाव महाळुंगे, शिक्षण जेमतेम मॅट्रिक. पण चिंचवडच्या आमच्या कंपनीत, जिथे एरवी ट्रकच्या ब्रेकची लायनिंगं बनत, त्यांना एक वेगळी शेड दिलेली होती. मी त्यांच्याच ओळखीने तिथे टेंपररी लागलो. अवकाशातून परत येणारं यान जळू नये म्हणून त्याच्या तोंडावर जी ढाल बसवतात, तिच्या नमुन्याच्या चकत्या साडू बनवत आणि जाळत. एका बाजूने प्लाझ्माचा, म्हणजे धगधगत्या वायूचा झोत, दुसऱ्या बाजूने आरशावरून वळवून आणलेला लेसर. दोन्ही कशाला, असं मी एकदा विचारलं. "पावणं, नुसत्या वाऱ्यात बी माणूस टिकतो, नुसत्या उन्हात बी टिकतो. दोन्ही एकदम आलं की खरं कळतं." भोक पडलेल्या चकत्या ते घरी नेत आणि काचेच्या कपाटातल्या बाहुल्या काढून तिथे ओळीने मांडत. आल्यागेल्याला प्रत्येकीचं मरण तपशीलवार सांगत. चहा तोवर गार होई.

तीन वर्षांत एकही चकती टिकली नव्हती. आता शेवटची संधी. ही गेली की शेड बंद, असं वरून स्पष्ट कळलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब लोक आले, झोत सुटला, लेसर लागला, आणि काय आश्चर्य, चकती टिकली! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आले. साडू मात्र आरशाजवळ वाकून उभे.

"पावणं, ह्याला कुंकू कुणी लावलं?"

"मी. खंडेनवमीला सगळ्या मशिनींना लावलं. हा एकटाच राहिला होता, बरं दिसेना."

कुंकू जळून आरशावर काळा डाग पडला होता आणि लेसर चकतीपर्यंत धड पोचलाच नव्हता. "अहो, गप बसा की राव," मी हात जोडले, "साहेब पेढा खातायत." साडू तडक साहेबांकडे गेले. आरसा बदलून चाचणी पुन्हा झाली. चकतीला एवढं भोक पडलं की पलीकडचे साहेब दिसायला लागले.

शेड बंद झाली. साडू लायनिंगच्या प्रेसवर गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. हातचं घालवलं म्हणून मी पंधरा दिवस त्यांच्यावर धुमसत होतो. मग ऑफिसात एकदा त्या चाचणीचा अहवाल हाती पडला. खाली त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं : 'आरशाला कुंकू मी स्वतः लावलं.'

तसाच धावत प्रेसवर गेलो. "असं का लिहिलंत?"

"मग काय लिहू? तुमी अजून टेंपररी. पोरगं व्हायचंय घरात." आणि परत कामाला लागले.

त्याच दिवाळीत मी कायम झालो. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. जन्मभर खऱ्यापायी सगळ्यांशी वैर घेतलेल्या त्या माणसाने एकच खोटं वाक्य लिहिलं, आणि त्या वाक्यावर माझा सगळा संसार उभा राहिला. हे त्यांना एकदा तोंडावर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.