साहेबांच्या मोटारहोममागे माझी गाडी

सर्व्हिसिंगहून माझी गाडी परत आली ती वेसण घालून. पुढच्या बंपरखालून दोन जाड लोखंडी कड्या बाहेर डोकावत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

नवरा बूट काढता काढता म्हणाला, "साहेबांना सुट्टीत डोंगरावर, अभाला जायचंय. त्यांच्या मोटारहोममागे आपली गाडी जोडून न्यायची आहे."

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, संडास सगळं आत. एकदा डोंगरात उभं केलं की बाजारहाटाला छोटी गाडी लागते. साहेबांच्या स्वतःच्या गाड्या म्हणजे सगळी धुडं. म्हणून 'आपली'.

आपली म्हणे! सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाल्यावर दम्मामला खेटे घालून लायसन काढलं ते मी. शाळेतल्या माझ्या पगारातून जुनी ऑटोमॅटिक घेतली ती मी. त्याआधी आम्ही राहायचो त्या अबकैकमध्ये घरातली कोथिंबीर संपली तरी हा ड्यूटीवरून कधी येतो याची वाट बघत बसायचं.

बरं, हा मेकॅनिकल इंजिनियर. गाडी घेतली तेव्हा यानेच मला बजावलं होतं, "बंद पडली तर कुणालाही ओढून नेऊ देऊ नकोस. चाकं फिरत राहतात, इंजिन बंद, आत तेल पोचत नाही. गिअरबॉक्स जळतो." आणि अभा तर वाळवंटाच्या पार पलीकडे.

"मग सांग ना साहेबांना," मी म्हणाले.

"कसं सांगू? दिवस कसले आहेत बघतेस ना?"

बघत होते. सौदायझेशन, म्हणजे परदेशी माणूस काढून तिथे सौदी नेमणं, जोरात होतं. आज या टेबलावरचा भारतीय गेला, उद्या त्या. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रिन्यू होईपर्यंत घशाखाली घास उतरत नसे. भीती मलाही होतीच. पण याला 'हादिर'चा रोग जडला होता. हादिर म्हणजे आपलंच 'हजर', पण तिथे त्याचा अर्थ 'जशी आज्ञा'. साहेबांच्या मुलाचा प्रोजेक्ट? हादिर. मेहुण्याचा एसी? हादिर. आता माझी गाडी, हादिर!

शुक्रवारी दुपारी आम्ही साहेबांच्या अंगणात गेलो. गाडी मीच चालवत नेली, स्टिअरिंग याच्या हाती द्यायला मी तयार नव्हते. नवरा भर उन्हात गुडघ्यावर बसून जोडदांडा कड्यांत बसवू लागला. साहेबांनी सहज विचारलं, "फी मुश्किला?" काही अडचण?

"माफी मुश्किला, सर." काही अडचण नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार आपटून उतरले आणि मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, "ला! फी मुश्किला. गिअर खलास!" नाही, आहे अडचण.

साहेब चमकले. नवऱ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "खरं आहे हे, इंजिनियर?"

आणि हा काय म्हणाला? "हादिर."

साहेब खो खो हसले. मग म्हणाले, "अरे, मग आधी नाही का सांगायचं? मी तिथेच भाड्याने घेईन." संपलं. इतकंच होतं ते! मला हसू नाही आलं.

घरी येताना नवरा एवढंच बोलला, "नाक कापलंस माझं."

पुढे काही महिन्यांनी त्याच्या खात्यातली सगळी परदेशी माणसं कमी झाली. साहेबांच्या पुढेपुढे करणारे गेले, त्यांना कधी न भेटलेलेही गेले. आम्ही नाशिकला आलो. नणंदेकडे जेवायला बसलो असताना हा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिने त्या दिवशी जीभ आवरली असती, तर अजून दोन-चार वर्षं निघाली असती."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. नोकरी गेल्याचा मला राग नव्हता, आजही नाही. ती सगळ्यांचीच गेली. साहेबांना नाही म्हणायची याची हिंमत झाली नाही, तेही मी एक वेळ समजून घेईन. मी भर पंगतीत विचारलं, "गिअरबॉक्स जळून गाडी परत आली असती, तर मी काय करणार होते? एकदा तरी आलं होतं का हे तुझ्या मनात?"

त्याला प्रश्नच कळला नाही. वाटीतली आमटी भातावर ओतत तो म्हणाला, "त्यात काय? मी होतो ना."