डाव्या खांद्यावर लाल, उजव्या खांद्यावर हिरवा

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा माझ्या जावेने हसता हसता कप सोफ्यावर सांडला. तो डाग अजून माझ्याच नावावर आहे!

तर माझा नवरा संदेश. मरोळला एका वर्कशॉपमध्ये मशीनवर असतो. दिवसभर लोखंड, आणि दहिसरला घरी आला की थर्माकोल! सहा महिने बाप-लेकीने मिळून रिमोटवर उडणारं विमान बनवलं. पंख एवढे लांब की ते खोलीत आलं की मी बाहेर. ओवी आमची नऊ वर्षांची. तिने विमानाच्या शेपटीवर मांजर रंगवलंय.

दिवसा ते मस्त उडायचं. पण संदेशच्या डोक्यात आलं, आता अंधार पडल्यावर उडवू. आणि ओवीचं सुरू झालं, "बाबा, मला पण रिमोट दे ना!"

आता काय सांगू! अंधार, वरून येणारं विमान आणि खाली माझी पोर! मी अटच घातली. "संदेश, आधी तू एकदा अंधारात सुखरूप उतरवून दाखव. मग तिच्या हातात रिमोट. नाहीतर विषय बंद."

ओवीचा चेहरा एवढासा झाला. पण अट म्हणजे अट.

संदेश एलईडी चिकटवायला बसला. "हे बघ रेश्मा, डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. अंधारात विमान दिसतच नाही गं, नुसते दिवे दिसतात. कुठला रंग कुठल्या बाजूला, त्यावरून कळतं की ते लांब जातंय की आपल्याकडे येतंय."

"आणि दिवे नसले तर?"

"मग आदळेल कुणावर तरी."

झालं! बाकी सगळं विसरले, हेच डोक्यात राहिलं. दिवे असले की आदळत नाही. मग मला सांगा, विमानाला लावायचे आणि पोरीला का नाही?

सातवीत माझी शाळा सुटली, पण डावं-उजवं मला कळतं. संदेश कामावर असताना मी गणपतीच्या मखराचे सेलवाले दिवे काढले. ओवीच्या फ्रॉकला डाव्या खांद्यावर लाल, उजव्या खांद्यावर हिरवा, वेणीत पांढरा. चांगले पक्के टाके घातले. वरून जॅकेट चढवलं. संदेशला सांगितलं असतं तर हसला असता ना!

रविवारी संध्याकाळी सातला आम्ही मैदानात. बरोबर शेजारचे मालवणी परब काका, पोरीला 'चेडू' म्हणणारे. परवानगी त्यांनीच काढली होती. संदेश आणि काका मधोमध. मी ओवीला घेऊन पार कडेला, बसायच्या पायऱ्यांपाशी.

विमान उडालं. काय दिसत होतं म्हणून सांगू! काळ्या आभाळात लाल, हिरवा, पांढरा. ओवीने माझा हात घट्ट धरला. एक मिनिटभर तर मी काळजी करायचीच विसरले.

मग ते वळून आमच्या बाजूला यायला लागलं. आली माझी काळजी परत! ओवीचं जॅकेट काढलं, बटण दाबलं. दिवे लागल्याबरोबर पोरगी दोन्ही हात पसरून पळत सुटली. तोंडाने घुंऽऽऽ!

तिकडे संदेशने डोळ्यावरचा घाम पुसून समोर बघितलं. पहिले दिसले ते तिचे दिवे!

"काका! एवढं खाली कसं आलं हे?"

"ओढ वर! ओढ मेल्या!"

त्याच वेळी इकडे मी ओरडले, "ओवी, पायऱ्यांवर चढ!" ती टकाटक चढली.

"चढलं, काका, चढलं! आता डावीकडे घेतो."

पायरीवर उजवीकडे कुत्रं झोपलं होतं, म्हणून ओवी वळली डावीकडे.

"काय ऐकतंय बघा! दिवसासुद्धा एवढं ऐकत नाही!"

नऊ वर्षांत त्या पोरीने बापाचं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून घर्रर्र. आमचं खरं विमान! कुणाचंच लक्ष नसलेलं! मी किंचाळले, "ओवी, खाली ये! खाली बस!" ती उतरली आणि मातीत फतकल मारून बसली.

"उतरलं!" संदेश नाचायला लागला. "काय उतरलं काका! आवाजसुद्धा नाही!" रिमोट खाली ठेवून त्याने टाळ्या वाजवल्या.

काका चष्मा सावरत चार पावलं पुढे आले. "अरे संदेशा, ता इमान न्हय रे! तुजा चेडू आसा ता!"

आणि धप्प! विमान क्रिकेटच्या नेटमध्ये. पापलेटासारखं लटकत होतं. उजवा पंख मोडलेला, लाल दिवा मात्र चालू.

संदेशने ते सोडवून छातीशी धरलं. मला वाटलं, आता मी मेले. तो आला, ओवीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या खांद्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा," हळूच मला म्हणाला. "बरोबर लावलेस गं."

ओरडला असता तर मी पण ओरडले असते. असं बोलल्यावर काय करणार? रडले.

ओवी कपडे झटकत म्हणाली, "आई, अट काय होती? सुखरूप उतरवून दाखवायचं. बाबाने मला उतरवलं ना सुखरूप?"

"वकील होतला ह्या चेडू," काका म्हणाले.

अट म्हणजे अट! महिन्याभराने नवा पंख बसला आणि रिमोट ओवीच्या हातात आला. आम्हाला हुकूमही तिचेच. "काका, तुम्ही खुर्चीवर, माझ्या मागे. कुणी अंगाला दिवे लावायचे नाहीत. आई, तू खांब. त्या टोकाला पांढरा दिवा धरून उभी राहा. मी तुझ्यापासून दहा पावलांवर उतरवणार. आई, खांब हलत नाही हां!"

उभी राहिले. अगदी खांब! पण वर ते दिवे जरा डुलले की माझं पाऊल आपोआप...

विमान उतरलं. पहिल्याच फटक्यात, दिव्यापासून बरोब्बर दहा पावलांवर! थेट काकांच्या खुर्चीखाली. काका पाय वर घेऊन बसलेले.

"बाबा, चुकलं का माझं?"

"तुझं नाही गं चुकलं," संदेश माझ्याकडे बघत म्हणाला. "खांबच चालत आला."

मी खाली बघितलं. एका हातात दिवा होता. आणि दुसऱ्या हातात ओवीच्या फ्रॉकचं टोक.