इंगळे सिस्टरांची दिवसपाळी

ओपीडीतल्या पहिल्या सोमवारी इंगळे सिस्टर सकाळी साडेसहालाच येऊन बसल्या होत्या. ड्यूटी नऊची होती. दाराला कुलूप, बाहेरच्या बाकावर त्या एकट्या, मांडीवर डबा. वॉचमनने त्यांना घरी जाऊन चहा पिऊन यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, चहा झाला, स्वयंपाक झाला, आता घरात काय करायचं ते सुचत नाही.

अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात सर्जिकल वॉर्डात त्यांनी तेवीस वर्षं काढली होती. आठ ते आठची बारा तासांची ड्यूटी, कधी दिवस, कधी रात्र. मी परतवाड्याहून नवी नवी आले तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकले. पट्टी सोडताना त्या पेशंटला त्याच्या गावाबद्दल, शेतातल्या तुरीबद्दल विचारत. तो सांगत राही आणि पट्टी सुटून जाई. आम्हा मुलींना त्या सांगत, "हात कामावर ठेव, डोये त्याच्या तोंडावर ठेव. दुखलं की तोंड आधी सांगते."

त्यांचे यजमान, प्रल्हादभाऊ, एसटीत ड्रायव्हर होते. दोघांच्या ड्यूट्या कायम उलट्या. एक घरात शिरायचा तेव्हा दुसरा बाहेर पडायचा. भाऊ रिटायर झाले आणि एका सकाळी त्यांनी चहा टाकता टाकता बायकोला विचारलं, "तू साखर घेतं का नाई?" सिस्टरांनी साखर सोडून नऊ वर्षं झाली होती. ही गोष्ट त्यांनी वॉर्डात हसत हसत सांगितली. आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेट्रनबाईंकडे सोमवार ते शुक्रवारच्या ड्यूटीसाठी अर्ज दिला.

मला त्याचा फार राग आला. वॉर्डात आधीच माणसं कमी, त्यात त्या जाणार. आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. शेवटच्या दिवशी त्यांनीच मला कपाटापाशी गाठलं. "मी पळून नाई चालली वं पोरी," त्या म्हणाल्या. "घरी एक माणूस हाये. त्यायले मी पाहुणी झाली."

ओपीडीत त्यांच्याकडे शुगरच्या पेशंटांच्या पायांच्या जखमा आल्या. सुरुवातीला त्यांना ते काम वाटतच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्या जिना चढून वॉर्डात यायच्या, कुणाची सलाईन बघायच्या, कुणाची उशी नीट करायच्या. शेवटी नव्या इन्चार्जने त्यांना आडवळणाने सांगितलं की यामुळे कामाचा घोटाळा होतो. त्या बरं म्हणाल्या आणि त्यांनी सुट्टीत वर येणं बंद केलं. मला मात्र जिन्याकडे बघवेना.

त्यांच्या पेशंटांत अंजनगाव सुर्जीचे देवराव म्हणून एक म्हातारे होते, पानमळ्यात काम करणारे. दर मंगळवारी पट्टीला यायचे. दोन मंगळवार ते आले नाहीत. वॉर्डात पेशंट घरी गेला की आमच्यासाठी संपला. इथे सिस्टरांना त्यांची जागा रिकामी दिसायला लागली. शनिवारी सुट्टी होती. भाऊंना घेऊन त्या अंजनगावच्या एसटीत बसल्या. किती तरी वर्षांनी दोघं एकत्र कुठे निघाली होती. भाऊंना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवेना, प्रत्येक वळणावर त्यांचा पाय ब्रेक दाबत होता, असं त्या नंतर सांगायच्या.

देवराव ओल्या मळ्यात अनवाणी उभे सापडले. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सिस्टरांनी पाय धुऊन पाहिला, तर करंगळी काळी पडलेली. त्या रागावल्या नाहीत. देवरावांच्या सुनेला त्यांचे कपडे पिशवीत भरायला सांगितलं आणि परतीच्या गाडीने त्यांना सोबतच घेऊन आल्या.

डॉक्टरांना करंगळी काढावी लागली. पाय राहिला. सोमवारी सिस्टर त्यांना बघायला वॉर्डात आल्या, तेव्हा मीच ड्यूटीवर होते. त्यांनी चादर उचलून पाय पाहिला, बराच वेळ पाहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तेवीस वर्स मी पाय कापल्यावर पट्ट्या केल्या. पाय वाचवाले पयल्यांदाच गेली." त्यांचे डोळे भरून आले होते. तिथेच माझा राग संपला.

पुढे त्यांच्या संध्याकाळी भरत गेल्या. दोघं फिरायला जायची, भाजी आणायची, भाजी कुणी निवडायची यावरून भांडायची. शनिवारी-रविवारी अकोल्याला लेकीकडे. चार वर्षं अशी गेली आणि एका सकाळी भाऊ अंगणात बसल्या जागी गेले. मी भेटायला गेले आणि त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "चार वर्स भेटले मले. अर्ज नसता देल्ला तर हे बी नसते भेटले."

रिटायर झाल्यावर त्या अकोल्याला लेकीजवळ राहायला गेल्या. मागच्या वर्षी मी त्यांना भेटून आले. खूप थकल्या होत्या. त्यांनी माझ्या ड्यूटीचं विचारलं. अजून वॉर्डातच आहे, बारा तास, स्टाफ कमी आहे म्हणून सोडवत नाही, असं मी सांगितलं. "मी लागली तवापासून स्टाफ कमीच हाये," त्या म्हणाल्या. "तुही पोरगी केवढी झाली?" सातवीत गेली, म्हटलं. त्या माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

त्या गेल्याचा फोन दिवाळीनंतर आला. पंधरा दिवसांनी मी अर्ज दिला.

गेल्या महिन्यात मला ओपीडी मिळाली. पहिल्या दिवशी साडेपाचला घरी पोचले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. या घरात राहून नऊ वर्षं झाली, तिथे ऊन येतं हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी त्या उन्हात पाटावर बसून अभ्यास करत होती. मी विचारलं, आज इथे कशी? ती म्हणाली, मी रोज इथेच बसते.