बैल मागच्या सीटवर, पोरगी कुठे?

पोळ्याच्या दिवशी घर सोडून कोणी फिरायला जातं का? आम्ही गेलो. तिसरं आयव्हीएफ फसलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "चौथ्यांदा करायचं असेल तर सोमवारी कळवा." घरी सणाला येणाऱ्या प्रत्येक मावशी-काकूकडे एकेक रामबाण उपाय. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जा बापा कुठंतरी, पुरणाचं मी पाहून घेतो." मंगेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आंबागडच्या किल्ल्याचा फोटो दाखवला आणि आम्ही नागपूरहून निघालो. पुन्हा करायचं की थांबायचं, हे दोन दिवसांत ठरवायचं होतं. नियम एकच, गाडीत तो विषय काढायचा नाही. म्हणजे ठरवायला निघालो होतो, पण बोलायचं नव्हतं. आमचा संसार असाच चालतो.

भंडाऱ्यापर्यंतचा रस्ता इतका चांगला आहे की डोळे मिटून जावं (चालवणाऱ्यानं उघडे ठेवावेत). दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, हिरव्यागार. भंडाऱ्याच्या बाजारात पावसानं गाठलं, म्हणून एका ताडपत्रीखाली शिरलो, तर ती लाकडी बैल विकणाऱ्याची निघाली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि दारोदार खाऊ-पैसे गोळा करतात. फुकट उभं राहणं बरं दिसेना म्हणून मंगेशनं भाव विचारला आणि गंमत म्हणून निम्म्यात मागितला. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा जी." झालं! स्वतःच केलेला भाव मोडायची मंगेशची काय टाप.

"पोरगा का पोरगी जी?" बैल पुसता पुसता दुकानदारानं विचारलं.

"पोरगी," मंगेश म्हणाला.

"कितवीत हाय?"

"दुसरीत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फार मन लावून पाऊस बघत होता. बैल डिकीत मावेना, म्हणून मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला.

मुक्कामाला लाखनी गाठली. हायवेवरचं गाव आहे, ट्रकांची वर्दळ चालूच असते, तेव्हा लॉजवर मागच्या बाजूची खोली मागून घ्या. जेवायला शेजारच्या खानावळीत गेलो. थाळी शंभरेक रुपयांत, भात पोट फुटेस्तोवर. वाढणाऱ्या काकूंचं लक्ष मात्र आमच्या गाडीवर होतं.

"लेकराले गाडीतच कायले ठेवलं वो?"

"काकू, तो बैल आहे."

"बैल हाय थे दिसते मले. लेकरू कुठं हाय?"

खरं सांगायला म्हणून मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आजीपाशी आहे. मुक्ता." मंगेशचा घास हातातच राहिला.

"तिखट खाते का मुक्ता?"

"खाते," मी म्हणाले.

"अजिबात नाही खात," मंगेश म्हणाला.

"खाते! परवा तर्री-पोहे कोणी संपवले?"

"मी संपवले. ती नुसती पाणी पिऊन राहिली होती."

"बापाले काय मालूम असते," म्हणत काकूंनी सणाच्या करंज्या कागदात बांधल्या. "पोरीले द्याजो."

खोलीवर आम्ही त्या करंज्या चोरासारख्या खाल्ल्या. शेवटच्या करंजीला मी हात घातला, तर मंगेश म्हणाला, "तिला ठेव ना एक." दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलंच नाही. गाडीतला नियम खोलीत लागू नव्हता, तरी दोघांपैकी कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मागे भंडाऱ्याला येऊन, तुमसरमार्गे आंबागडला पोचलो. किल्ल्याबद्दल माझा सल्ला असा की पावसाळ्यात जाऊच नका. पायऱ्यांवर शेवाळ आहे. आम्ही अर्ध्यातून माघार घेतली, त्यातला बराच भाग बसून. खाली गावात येतो तर रस्त्यावर तोरण बांधलेलं, लेकरं सजावटीच्या स्पर्धेला बैल घेऊन ओळीत उभी आणि आमची गाडी मधोमध अडकलेली. माईकवाल्या भाऊंची नजर मागच्या सीटवर गेली.

"नागपूरवरून खास नंदी आला हाय! ज्या लेकराचा असन त्यानं लायनीत लागा!"

लेकरू असेल तर लागेल.

"लेकरू लाजून राहिलं! टाळ्या वाजवा!"

गावानं टाळ्या वाजवल्या. आता काय करावं? मंगेशनं पट्टा सोडला, बैल खाली काढला, दोरी धरली आणि कमरेएवढ्या पोरांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. परीक्षकांनी वय विचारलं. "एकेचाळीस." त्यांनी गंभीरपणे आपसात चर्चा केली आणि त्याला मोठ्या गटात टाकलं. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. एका बाईनं त्याला कुंकू लावून हातावर दहाची नोट ठेवली आणि हा बाप्या तिच्या पायासुद्धा पडला.

माझ्या बाजूला ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. "लेकरू नाई का तुले?"

आणि मी म्हणाले, "नाही जी. तीनदा इलाज केला, नाही झालं." इतकं सरळ मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"मंग हा बैल कोनाचा?"

"मुक्ताचा."

"थे कोन?"

"ती अजून आली नाही."

आजींनी मान डोलावली, जणू मुलगी एसटीनं यायची होती. मग म्हणाल्या, "मागचं चाक ढिल्लं हाय. पाहून घेजो."

परतताना तुमसरच्या अलीकडे मीच नियम मोडला. "दुसरीत काहून म्हटलं तू? आपण तर बाळासाठी धावून राहिलो होतो."

मंगेशनं गाडी बाजूला घेतली. "डोळ्यासमोर तीच आली. दप्तर घेतलेली." मग स्टिअरिंग चोळत म्हणाला, "आणि तुला पुन्हा त्या टेबलावर पाहायची ताकद नाही माझ्यात. बोललो तर तुला वाटलं असतं, हा हरला."

मी मूर्खासारखी वर्षभर त्याच्यासाठी सुया टोचून घेत होते आणि तो माझ्यासाठी गप्प होता. राग आला, मग त्याहून जास्त हलकं वाटलं. आई व्हायचं होतंच मला, अजून आहे. पण दोन दिवस आम्ही दोघं ज्या पोरीवरून भांडलो, ती एकदाही पाळण्यात नव्हती. सोमवारी नाही कळवायचं आणि शाळेत जाणाऱ्या वयाचं मूल दत्तक घ्यायचं, हे तिथेच, धानाच्या बांधीशेजारी ठरलं. "नाव मात्र तिचं असेल तेच," मंगेश म्हणाला. मुक्ता तिथेच संपली आणि मला चक्क तिच्यासाठी वाईट वाटलं.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. एका दमात सगळं सांगितलं. नोंदणी करावी लागते, घर पाहायला माणसं येतात, वाट पाहावी लागते. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर रक्ताचं, गोत्राचं काढतील. त्यांनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या.

"सात-आठ वर्षाची म्हंजे समजते तिले सारं," त्या म्हणाल्या. "आपन तिले पसंत नाई पडलो तं?"

हा प्रश्न आम्हाला आजवर कोणीच विचारला नव्हता. मंगेश माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. इतके दिवस मला एकच भीती होती, माझ्या पोटाची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी दुसऱ्या कोणाला तरी घाबरले, आणि ती कोणीतरी आत्ता या क्षणी कुठेतरी खरोखरची होती.