उजव्या हातातली पाटली

आईच्या पाटल्या मोडून लेकीला साखळी करावी, म्हणून मी आमच्या जुन्या सोनारकाकांकडे गेले होते. आईला जाऊन वर्ष झालं होतं. काकांनी दोन्ही पाटल्या काट्यावर एकेक करून ठेवल्या आणि त्यातली एक उचलून म्हणाले, "पोरी, ही उजव्या हातातली."

"कशावरून?"

"मीच घडवल्यात, दोन्ही सारख्या वजनाच्या. आता ही हलकी भरतेय. कामाच्या हातातली जास्त झिजते."

मी ती हातात घेऊन पाहिली. एका बाजूची नक्षी पार पुसून गेली होती. लग्नात चढवलेल्या पाटल्या आईने कधी उतरवल्याच नाहीत. भाकरी थापताना, भांडी घासताना, तापात माझ्या कपाळावरून हात फिरवताना ही पाटली कशाकशाला घासली असेल! झिजलेलं सोनं कुठे गेलं असेल? आमच्या घरातच की. परातीत, धुण्याच्या दगडावर, आमच्या अंगावर. आई गेल्यावर तिने आपल्यासाठी काय ठेवलंय, म्हणून आम्ही भावंडं कपाट धुंडाळत बसलो होतो. ती तर रोजच देत होती, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकं थोडं थोडं.

"मग, दोन्ही वितळवू ना?" काकांनी विचारलं.

"डावीच घ्या," मी म्हटलं. साखळी बारीक होईल, होऊ दे.

उजवी मी तिथेच हातात चढवली. घरी आले आणि ती न काढताच कणीक मळायला घेतली.