नैरोबीची दादा

कंपनीने मला दोन वर्षांसाठी नैरोबीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद नवऱ्याला झाला. दुबईत अल मनखूलच्या आमच्या घरापासून शारजात हमरियापर्यंत कामाला रोज ट्रॅफिकमधून गाडी चालवून तो इतका कंटाळला होता, की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "खलास! मी राजीनामा देतो. घरबसल्या करण्यासारखं काहीतरी शोधेन."

प्रश्न राहिला घराचा. नैरोबी आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण मतं तिघांचीही ठाम होती. नवऱ्याला पार्कलँड्स हवं होतं, कारण तिथे गुजराती वस्ती, देवळं आणि मेथीची जुडी मिळणारी दुकानं. बारा वर्षांच्या लेकीने किलिमानी भागातल्या एका टॉवरचा स्विमिंग पूल इंटरनेटवर हेरून ठेवला होता. आणि मला पार्कलँड्स सोडून काहीही चाललं असतं.

"अकरा वर्षं मनखूलमध्ये काढली," मी म्हटलं. "लिफ्टमध्येसुद्धा आज भाजी काय केली म्हणून विचारतात. आफ्रिकेत जाऊनही तेच?"

"मग काय, सिंहाच्या शेजारी घर घेऊ?"

माझं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये. तिथे खाली सिक्युरिटीला एक केनियन बाई होती. आम्ही कितीतरी वर्षं एकमेकींना 'गुड मॉर्निंग' म्हणत होतो, पण ती नैरोबीची आहे हे मला ठाऊकच नव्हतं. बदलीचं कळल्यावर तिनेच मला थांबवलं. मी मोबाइलवर घरांचे फोटो दाखवायला लागले, तर तिने हातानेच नको म्हटलं.

"मॅडम, नळाला पाणी येतं का ते फोटोत दिसत नाही. सॅटर्डेला माय दादा विल गो अँड सी."

यांच्यातही भावाला दादा म्हणतात हे ऐकून मला फार बरं वाटलं. घरी येऊन सांगितलं, तिचा मोठा भाऊ आपल्यासाठी घरं बघणार आहे.

शनिवारी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून व्हिडिओ कॉलला बसला. स्क्रीनवर आली ती डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली, तोंडभर हसणारी एक बाई.

"इज युवर ब्रदर देअर?" नवऱ्याने अदबीने विचारलं.

"कुठला ब्रदर? आम्ही चौघी बहिणीच!"

स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, हे तेव्हा कळलं. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी आमची लेक सोफ्यावर लोळत चक्क मराठीत ओरडली, "आई, दादा तर ताई निघाला!"

हसणं आवरल्यावर दादा कामाला लागली. किलिमानीतला पूल कोरडा ठणठणीत होता आणि शेजारी बांधकाम चाललं होतं. तिने मोबाइल खिडकीबाहेर धरला आणि म्हणाली, "ऐका!" ड्रिलिंगच्या त्या आवाजाने आम्हीच इकडे दचकलो. मग ती पार्कलँड्सला गेली. तिथल्या फ्लॅटचे सगळे नळ सोडून बघितले, फ्लश ओढला, वॉचमनला वीज किती वेळा जाते ते विचारलं. शेवटी थकून बाल्कनीत केळं सोलायला बसली, तर जवळच्या पार्कातून आलेल्या माकडाने ते हातातून पळवलं.

"ओ माय गॉड! वुई आर टेकिंग धिस वन," लेकीने जाहीर केलं.

त्या गडबडीत शेजारच्या बाल्कनीतून एक गुजराती आजी डोकावल्या. आम्हाला स्क्रीनवर बघून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "आज खाने में क्या बनाया, बेटा?"

नवरा माझ्याकडे बघेना. मला हसू फुटलं. एक अनोळखी बाई सुट्टीच्या दिवशी आमच्यासाठी जिने चढत होती, दुसरी आमच्या जेवणाची चौकशी करत होती. कशावर हटून बसायचं? "वांग्याचं भरीत," मी सांगितलं आणि घर ठरलं.

पुढच्या शुक्रवारी गार्डबाईंना सुट्टी होती. त्यांना घरी जेवायला बोलावलं. तीन पुरणपोळ्या खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, जुलैत नैरोबीला थंडी असते. स्वेटर घ्या."

बाहेर जूनचं ऊन भाजून काढत होतं. तरी आम्ही संध्याकाळी बाहेर पडलो. दुकानदाराने आधी आमच्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "हबीबी, स्वेटर? अभी?" म्हणत त्याने आतून गेल्या हिवाळ्याची खोकी काढली. लेकीने लाल स्वेटर तिथेच अंगात घातला आणि घरी पोहोचेपर्यंत गाडीचा एसी फुल ठेवायला लावला.